माल कोणाचा होता?



तंबाखू नियंत्रणाच्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण सीमाशुल्क खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाकडे सोपवलेत, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. तंबाखूने होणाऱ्या रोगांविषयी मी बोलावे असे काही नाही. त्याचे जाणकार समोर बसले आहेत. रोगी तुमच्या दारात येतो त्याच्या कितीतरी आधी तंबाखूचा माल बंदरातून, गोदामातून, महामार्गावरून आणि टपरीवरून गेलेला असतो. माझी नोकरी त्या वाटेवर गेली. त्या वाटेवर सरकार काय करते आणि ते कुठे अडते, एवढेच आज मांडणार आहे.

व्याप्ती आपण जाणताच. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात 28.6 टक्के प्रौढ, म्हणजे सुमारे 26 कोटी 70 लाख माणसे, कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात. महाराष्ट्रात धूम्रपानाचे प्रमाण 3.8 टक्के, तर तंबाखू खाण्या-चघळण्याचे 24.4 टक्के. म्हणून आपल्या राज्यात अवैध तंबाखूची दोन तोंडे आहेत: परदेशातून चोरून येणारी सिगारेट आणि परराज्यातून चोरून येणारा गुटखा. दोन्हींची खाती वेगळी, कायदे वेगळे. पण दोन्हीकडे सरकारी प्रयत्न एकाच जागी येऊन थांबतात. ती जागा म्हणजे जप्ती.

आधी सिगारेट घेऊ. चोरट्या सिगारेटी ईशान्येकडे म्यानमारच्या सीमेवरून येतात, विमान प्रवाशांच्या बॅगांतून येतात, पण मोठा साठा येतो तो समुद्रमार्गे कंटेनरमधून. न्हावा शेवा बंदरात वर्षाला, वीस फुटी मापाने मोजले तर, साठ लाखांहून अधिक कंटेनरांची उलाढाल होते. यातला प्रत्येक कंटेनर उघडून पाहायचा म्हटले तर देशाचा व्यापार ठप्प होईल. म्हणून जोखीम पाहून निवड होते, संशयित कंटेनर स्कॅनरखाली जातात, आणि महसूल गुप्तचर संचालनालय, म्हणजे आपले डीआरआय, खबरीवर काम करते.

अशा कंटेनरची तपासणी प्रत्यक्षात कशी होते, ते सांगतो. पंचांसमक्ष सील तोडले, दार उघडले की समोर कागदावर लिहिलेलाच माल दिसतो. पहिल्या रांगा खऱ्या असतात. त्यातले एखादे खोके फोडले तरी आत खराच माल निघतो. हमालांनी त्या रांगा बाहेर काढल्या की मागची खोकी लागतात. बाहेरून तीच छपाई, तीच चिकटपट्टी. फक्त उचलणाऱ्याच्या हाताला वजनातला फरक कळतो. खोके कापले की आत सिगारेटची पाकिटे ठासून भरलेली. सुक्या चिंचेच्या नावाखाली आलेल्या मालात सिगारेटी सापडल्याचे प्रकरण अलीकडे याच न्हावा शेव्यात घडले. मग मोजदाद होते, पंचनामा होतो, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बाजारभावाने किंमत छापून येते. पुढे यथावकाश तो माल जाळून नष्ट केला जातो.

इथपर्यंतचे काम आपल्या यंत्रणा मेहनतीने करतात, त्यांना मी सलाम करतो. पण खरी चौकशी यानंतर सुरू व्हायला हवी. माल कोणाचा होता? कागद सांगतात की आयातदार अमुक कंपनी, तिचा आयईसी, म्हणजे आयात-निर्यात संकेतांक, अमुक. पत्त्यावर जावे तर एका खोलीला कुलूप, नाहीतर असा कोणी गरजू माणूस, ज्याने काही हजारांसाठी आपले पॅन आणि आधार कार्ड दुसऱ्याच्या हाती दिले. तो अटकेत जातो. ज्याने पैसे गुंतवले, परदेशात माल भरला आणि इथे गिऱ्हाईक ठरवले, तो दुसऱ्या नावाने दुसरा कंटेनर मागवतो. एखादा कंटेनर पकडला जाणार हे त्याने धंद्याच्या हिशेबात आधीच धरलेले असते. सीमाशुल्क कायद्यात सात वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. ती या माणसापर्यंत पोहोचत नाही तोवर तिचा धाक त्याला कसा वाटणार?

आता गुटखा. तंबाखू किंवा निकोटिन खाद्यपदार्थात वापरता येणार नाही, असा नियम 2011 साली अन्न सुरक्षा कायद्याखाली झाला. त्याच आधारावर महाराष्ट्राने जुलै 2012 मध्ये गुटखा आणि पान मसाल्यावर बंदी घातली आणि दरवर्षी ती नव्याने जारी केली. सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, मावा, खर्रा हेही तिच्या कक्षेत आले. निर्णय धाडसाचा होता आणि योग्य होता. पण इतक्या वर्षांनंतरही पश्चिम महाराष्ट्रात मावा घोटला जातो, विदर्भातल्या पानठेल्यावर खर्रा घासला जातो, आणि पुडी मागणाऱ्याला पुडी मिळते. पान मसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत विकायची, गिऱ्हाइकाने तोंडात एकत्र करायची, ही पळवाट सर्वांना ठाऊक आहे. महामार्गावर टेम्पो पकडला जातो, चालक आणि क्लीनरवर गुन्हा नोंदला जातो. माल कुठल्या कारखान्यात भरला, कोणत्या ठोक व्यापाऱ्याकडे उतरणार होता, हे प्रश्न आरोपपत्रात क्वचितच उतरतात. बंदरात आयईसीवाला, महामार्गावर चालक. चेहरे बदलले, पद्धत तीच.

मित्रहो, माझे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर हे आहे: सरकारने आपले यश जप्त मालाच्या किमतीत मोजणे थांबवावे आणि मूळ मालकाला झालेल्या शिक्षेत मोजावे. जप्तीचा आकडा वाढला म्हणजे पकड घट्ट झाली की माल जास्त येऊ लागला, हे त्या आकड्यावरून कळतच नाही.

मूळ मालकापर्यंत पोहोचायची साधने मात्र आता तयार होत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखूविषयक करारातून अवैध व्यापाराविरुद्धचा स्वतंत्र पूरक करार 2012 साली सोल येथे संमत झाला, आणि 25 सप्टेंबर 2018 पासून तो अमलात आला. भारत त्याच वर्षी जून महिन्यात त्यात सामील झाला. त्यातल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. पहिली, सिगारेटच्या प्रत्येक पाकिटावर स्वतंत्र ओळखचिन्ह हवे आणि त्यावरून माल कुठे तयार झाला, कुठून कुठे गेला याचा माग लागला पाहिजे. आणि सरकारची ही जबाबदारी तंबाखू उद्योगाकडे सोपवता येणार नाही. दुसरी, मुक्त व्यापार क्षेत्रातून बाहेर पडताना एकाच कंटेनरमध्ये तंबाखू आणि इतर माल मिसळायला मनाई.

देशांतर्गत कायदाही पुढे सरकला आहे. गुटखा, पान मसाला, तंबाखूच्या उत्पादकांनी पुड्या भरण्याची यंत्रे जीएसटी खात्याकडे नोंदवावीत, न नोंदवलेल्या प्रत्येक यंत्रामागे एक लाखाचा दंड, ही तरतूद 2024 मध्ये झाली. 2025 च्या वित्त कायद्याने जीएसटी कायद्यात 148-अ हे कलम घालून ठराविक मालावर ओळखचिन्ह लावण्याची आणि माग काढण्याची वाट मोकळी केली. तंबाखूच्या बाबतीत ही तरतूद पूर्ण ताकदीने वापरली गेली पाहिजे. ज्या पाकिटावर चिन्ह नाही ते अवैध, हे मग कोपऱ्यावरच्या शिपायालाही मोबाइलवर तपासता येईल.

या संदर्भात एका युक्तिवादाला उत्तर देणे मी कर्तव्य समजतो. कर वाढवला की तस्करी वाढते, म्हणून कर कमी ठेवा, असे तंबाखू उद्योग दर अर्थसंकल्पाआधी सांगतो. अवैध सिगारेटींचा बाजार एकूण बाजाराच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास असल्याचेही त्या बाजूने सांगितले जाते. स्वतंत्र अभ्यासकांनी भारतीय शहरांत वेगळी पद्धत वापरली. आपल्याकडे सिगारेट सुटी विकली जाते, त्यामुळे रिकामे पाकीट दुकानदाराकडेच राहते. ती रिकामी पाकिटे गोळा करून त्यांनी तपासली. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अवैध पाकिटांचे प्रमाण 2.73 टक्के निघाले. दोन आकड्यांत एवढी तफावत असेल तर सरकारने स्वतः, ठराविक काळाने, उघड पद्धतीने मोजणी केली पाहिजे. ब्रिटनचे उदाहरण आपल्यासमोर आहे. तिथे 2000 साली तस्करीविरोधी मोहीम आखली गेली: स्कॅनर, वाढीव मनुष्यबळ, पाकिटांवर कराची खूण, कडक शिक्षा. सिगारेटवरचा कर युरोपातल्या सर्वाधिक करांपैकी राहिला, तरी अवैध सिगारेटींचा वाटा पुढच्या दशकात निम्म्याच्या आसपास घसरला. तस्करी रोखते ती यंत्रणा. किरकोळ किमतीत कराचा वाटा किमान 75 टक्के असावा, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आपण तस्करीच्या भीतीने सोडून देऊ नये.

आता टपरीकडे वळतो, कारण तुमच्यापैकी बहुतेकांचे काम तिथे आहे. चोरट्या सिगारेटचे पाकीट ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. 1 एप्रिल 2016 पासून पाकिटाच्या दोन्ही मुख्य बाजूंच्या 85 टक्के भागावर चित्रमय इशारा सक्तीचा आहे. चोरट्या पाकिटावर तो नसतो. रुपयांतली किंमत नसते, आयातदाराचे नाव नसते. गुळगुळीत, सुबक, बारीक पाकीट, वर लवंगेचा नाहीतर फळांचा वास. कॉलेजच्या मुलाला ते ऐटबाज वाटते आणि इशारा नसल्याने कमी घातकही वाटते. इशाऱ्याविना विकणाऱ्या दुकानदाराला पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, ही 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्यातली तरतूद. शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत किंवा अठरा वर्षांखालील मुलाला विकल्यास दंड दोनशे रुपयांपर्यंत. आज हे दंड धंद्याच्या खर्चात सहज सामावतात. बाल न्याय कायद्याचे 77 वे कलम मात्र मुलाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड सांगते. ते कलम पोलीस ठाण्यात आग्रहाने लावून घ्या.

टपरीवाला हा या साखळीतला सर्वात गरीब दुवा आहे, त्याला चिरडून प्रश्न सुटणार नाही, याचीही मला जाणीव आहे. त्याच्याकडे माल कोणी टाकला, हे त्याच्याकडून समजून घेणे त्याला दंड करण्याहून महत्त्वाचे आहे. त्याच्या गल्ल्यापासून मागे मागे गेलो तरच आपण मालकाच्या दारात पोहोचू.

म्हणून या परिषदेने शासनाकडे चार मागण्या ठरावाद्वारे कराव्यात, असे मी सुचवतो. एक, सीमाशुल्क, जीएसटी, पोलीस, अन्न व औषध प्रशासन आणि आरोग्य विभाग यांचे संयुक्त तपास पथक राज्यात स्थापन व्हावे आणि प्रत्येक मोठ्या जप्तीचा तपास मूळ मालकापर्यंत त्याच्याकडे राहावा. दोन, जप्तीबरोबरच किती खटले उभे राहिले, किती जणांना शिक्षा झाली, हेही दरवर्षी जाहीर व्हावे. तीन, अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांची रिक्त पदे भरली जावीत; मोजक्या माणसांवर अख्खा जिल्हा टाकून बंदी राबवता येत नाही. चार, 2003 च्या कायद्यातले दंड आजच्या काळाला साजेसे करावेत.

आणि आपण स्वतःवर एक काम घ्यावे. इथे प्रत्येक जिल्ह्यातून माणसे आली आहेत. आपल्या शाळा-कॉलेजांच्या परिसरातली रिकामी पाकिटे ठरलेल्या पद्धतीने गोळा करा, किती पाकिटांवर इशारा नाही ते नोंदवा आणि ती नोंद पुढच्या परिषदेत मांडा. आकडा आपल्या हातात असेल तर शासनाला तो नाकारता येणार नाही आणि उद्योगाला तो फुगवता येणार नाही.

जमेल तितक्या जोमाने हे काम करू या. या कामात मी आपल्या सोबत आहे.