दिवाळींतला किल्ला

गिरगांवांतल्या चाळींच्या फरसबंद चौकांत मूठभर माती मिळणें कठीण. तरी दिवाळी आली कीं मुलें किल्ला उभारितात. विटा-दगड रचावे, चिखलांत भिजविलेलें गोणपाट त्यांवर पसरावें, ओल्या उतारावर अळीव पेरावे, म्हणजे चार-पांच दिवसांत हिरवें रान उगवतें. तट गेरूनें रंगवावा. परंतु गडाचें बळ केवळ तटांत नसतें. १६५९ सालीं प्रतापगडाखालीं अफझलखानाच्या सैन्यावर मावळे तुटून पडले, ते जावळीच्या रानांतून! म्हणून तयार किल्ला विकत आणणाऱ्या पालकांस एवढीच विनंती: मुलांचे हात चिखलानें माखूं द्या. कडा कोठें, वाट कोठें, हें ठरवितांनाच त्यांस इतिहास उमगतो. महाराजांची मूर्ति शेवटीं बसवावी. आधीं डोंगर रचावा.