साथीचा नकाशा आणि वारकऱ्याचे गाव

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे लेखी रूप)



आषाढ शुद्ध एकादशीला लक्षावधी वारकरी पायी चालत पंढरपुरात पोहोचतात आणि त्यानंतर तीनच दिवसांनी, चतुर्दशीला, जैन साधू-साध्वी आपला विहार थांबवून चातुर्मासाची स्थापना करतात. एकीकडे चालणे पूर्णत्वास जाते, तर दुसरीकडे ते थांबते. पावसाळ्यात जीवोत्पत्ती वाढते, म्हणून साधूने पाऊल आवरावे, असा आचार आहे. त्याच ऋतूत गढूळ पाण्यातून पसरणारे रोग बळावतात, हे आरोग्यशास्त्रही सांगते. आणि नेमक्या याच दिवसांत सुमारे एक लाख वस्तीच्या या नगरीत वस्तीच्या कित्येक पट माणसे मठांतून, धर्मशाळांतून, तंबूंतून आणि वाळवंटालगत राहतात. अशा वेळी साथ उद्भवलीच, तर ती कोठून निघाली आणि कोणीकडे सरकली, हे कसे ओळखावे, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

याचे उत्तर प्रथम लंडन शहरात मिळाले. १८५४ च्या ऑगस्टअखेरीस तेथील सोहो भागात पटकीची साथ उसळली आणि दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली. पटकी दूषित हवेने होते, अशी तेव्हाची समजूत होती. जॉन स्नो या डॉक्टरांना मात्र पाण्याचा संशय होता. मृतांची यादी सरकारी दफ्तरात होतीच. परंतु यादीत माणसे एकाखाली एक लिहिलेली असतात, ती शेजारी-शेजारी राहत होती की नाही, हे तिच्यातून उमगत नाही. स्नो यांनी प्रत्येक मृत्यूसाठी नकाशावर त्या-त्या घरापाशी एक काळी रेघ काढली. रेघांची दाटी ब्रॉड स्ट्रीटवरील एका हातपंपाभोवती झाली. त्याच परिसरातील अनाथ-निराधारांच्या एका मोठ्या आश्रमात पाचशेहून अधिक माणसे राहत असूनही केवळ पाच जण दगावले, कारण त्या आश्रमाची स्वतःची विहीर होती. पंपाचा दांडा ८ सप्टेंबरला काढण्यात आला. नकाशामुळे दांडा निघाला आणि साथ थांबली, अशी कथा पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. ती तितकीशी खरी नाही. साथ त्याआधीच ओसरू लागली होती आणि नकाशा नंतर छापला गेला. त्याचे मोल साथ थांबविण्यात नव्हते, कारण दाखविण्यात होते.

पंढरपूरच्या दृष्टीने या कथेतील सर्वांत महत्त्वाची व्यक्ती त्या नकाशावर नाहीच. हॅम्पस्टेड या दूरच्या उपनगरात एक वृद्ध विधवा पटकीने वारली. तेथे दुसरा रोगी नव्हता. चौकशीअंती कळले की, त्या बाईंना ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचे पाणी आवडत असे आणि ते रोज गाडीने त्यांच्याकडे पोहोचत असे. जवळच्या दाटीपेक्षा हा एकाकी मृत्यूच स्नो यांना अधिक बोलका पुरावा वाटला.

पंढरपुरात या विधवेसारखी माणसे हजारोंनी असतात. पटकीचा जंतू पोटात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत काळ जाऊ शकतो. एकादशीला दूषित पाणी प्यायलेला वारकरी गोपाळकाला आटोपून परतीच्या वाटेवर, किंवा बीड, लातूर, नांदेडकडील आपल्या गावी पोहोचल्यावर आजारी पडेल. शिवाय त्याच्या पिशवीत चंद्रभागेच्या तीर्थाची बाटली असते, ती घरच्यांनाही मिळते. म्हणजे साथीचे मूळ पंढरपुरात असले, तरी पंढरपूरचा नकाशा कोराच राहील आणि दूरच्या दहा तालुक्यांच्या नकाशांवर एकेक ठिपका उमटेल. कोणत्याही एका तालुक्याला त्या एका ठिपक्याचा अर्थ लागणार नाही. सर्व ठिपके एकाच कागदावर आणले आणि प्रत्येकासमोर रोगी गेल्या आठवड्यात कोठे होता हे लिहिले, तरच सर्व रेषा एका घाटाकडे किंवा एका टाकीकडे येऊन मिळतील.

परंतु याच नकाशाचा दुसरा, दुखरा इतिहास याच मातीत आहे. १८६६ च्या कॉन्स्टँटिनोपल येथील आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत हिंदुस्थानातील यात्रांकडे पटकीच्या प्रसाराचे कारण म्हणून बोट दाखविले गेले. पुढे पंढरपूरची यात्रा हा मुंबई इलाख्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांच्या सतत चिंतेचा विषय झाला. इतिहासाभ्यासक मंजिरी कामत यांनी १९०८ ते १९१६ या काळातील सरकारी धोरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला आहे. त्याच्या शीर्षकातच पालखीला प्लेगची वाहक म्हणणारी तत्कालीन सरकारी दृष्टी उमटली आहे. पालखीच्या मार्गावर रोगी दिसले, म्हणजे पालखी दोषी, असा तो तर्क होता. वस्तुतः त्या मार्गावरील विहिरी, शौचाची जागा, मुक्कामाची गर्दी यांची खूण नकाशावर केली नाही, तर त्यावर उरते ती केवळ माणसांची वाट, आणि मग बंदी माणसांवर येते. स्नो यांनी आपल्या नकाशावर रेघांबरोबर परिसरातील सगळे पंपही दाखविले होते, हे विसरता येत नाही.

जागेप्रमाणे काळाचेही चित्र काढता येते, आणि त्याचे एक प्रसिद्ध उदाहरण महाराष्ट्रातले आहे. १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग आढळला. पुढे १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने मुंबईत मेलेले उंदीर तपासून आठवड्यागणिक त्यांची संख्या मांडली. त्या आलेखांतून एक क्रम स्पष्ट झाला: आधी गटारांतील उंदरांत, मग घरांतील उंदरांत आणि त्यानंतर माणसांत रोगाची लाट येते. मुंबईतील डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील साप्ताहिक मृत्यूंचे आकडे घेऊन केरमॅक व मॅकेंड्रिक या दोघा स्कॉटिश संशोधकांनी १९२७ मध्ये साथीच्या चढउताराचे गणित मांडले. आजही साथीचे बहुतेक अंदाज त्याच पायावर उभे आहेत. यांपैकी केरमॅक यांची दृष्टी १९२४ मध्ये प्रयोगशाळेतील अपघातात गेली होती. ज्या वक्ररेषेने जगाला साथ दाखविली, ती त्यांनी स्वतः डोळ्यांनी पाहिली नाही.

२०२० आणि २०२१ च्या कोरोनाकाळात मानाच्या पालख्यांतील पादुका एस.टी. बसने पंढरपुरास आल्या आणि घरोघरी लोक मोबाईलवर रंगीत नकाशे पाहू लागले. त्या नकाशांनी जागरूकता आणली, तशी काही फसगतही केली. जेथे तपासण्या कमी, तेथे रोगी कमी दिसत आणि तो भाग सुरक्षित वाटे. दुसरी फसगत भागाकाराची. एक लाख वस्तीत दहा रोगी आणि दहा लाख यात्रेकरूंत दहा रोगी, यांचा अर्थ एक नव्हे. यात्राकाळात जनगणनेच्या आकड्याने भागल्यास पंढरपूर नेहमीच अकारण लाल दिसेल. तिसरी फसगत तारखेची. रोगी रुग्णालयात दाखल झाला तो दिवस नोंदविला जातो. पाहिजे असतो तो पहिला जुलाब झाला तो दिवस. या दोहोंत दोन-तीन दिवसांचे अंतर पडले, तर संशय भलत्याच मुक्कामाच्या पाण्यावर जातो.

महाराष्ट्रात पाण्याचेच चित्र रंगांत मांडण्याची पद्धतही रूढ आहे. ग्रामपंचायतींच्या पाणीस्रोतांची वर्षातून दोनदा पाहणी होते आणि जोखमीनुसार लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. सलग पाच वर्षे हिरवे कार्ड राखणाऱ्या व साथ न आलेल्या गावाला चंदेरी कार्ड मिळते. निरक्षर माणसालाही ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचे लाल कार्ड समजते. पालखीमार्गाच्या नकाशावर हे रंग मुक्कामागणिक चढविले, तर रोगी दिसण्याच्या आधीच जोखीम दिसते. उंदरांच्या आलेखाने मुंबईत नेमके हेच केले होते.

पाणी गाळून पिण्याचा आचार जैन घरांना नवा नाही. दुहेरी वस्त्रातून गाळून, जिवाणी पुन्हा त्याच स्रोतात सोडण्यापर्यंतची दक्षता त्यात आहे. या आचाराचा हेतू जीवरक्षा हा आहे. तथापि रिटा कोलवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातील ६५ खेड्यांत केलेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, जुन्या साडीची चार-पाच पदरी घडी करून पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. जंतू कापडातून जाण्याइतके सूक्ष्म असले, तरी त्यांतील पुष्कळसे पाण्यातील बारीक जीवांना चिकटून असतात आणि ते जीव कापडात अडकतात. उरलेल्या निम्म्यासाठी उकळणे किंवा क्लोरिन यांस पर्याय नाही, हेही तितकेच खरे. आणि घरातील गाळलेले, उकळलेले पाणी वारीत रस्त्यावर पाणी पिणाऱ्या माणसापर्यंत पोहोचत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचते ती पाणपोई.

यात्राकाळात पंढरपुरात अनेक संस्था पाणपोया चालवितात. अशा प्रत्येक पाणपोईवर एक वही ठेवणे कठीण नाही. टाकी कोठून व किती वाजता भरली; सकाळी व दुपारी ओ. टी. चाचणीत पाणी पिवळे झाले की नाही. कोणी जुलाब-उलटीची तक्रार केली, तर त्याचे नाव नको, पण त्रास सुरू झाल्याचा दिवस, आदल्या तीन दिवसांचे मुक्काम आणि परतीचे गाव. पौर्णिमेनंतर ही वही नगरपरिषदेच्या आरोग्य विभागाकडे जावी. शेवटचा रकाना, परतीच्या गावाचा, रिकामा राहता कामा नये.