बीड स्टेशन, माझ्या टेबलावरचं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "डॉक्टर, आजाराबद्दल बोलू नका. आपल्या वयात प्रत्येकाकडे स्वतःचा एक आहेच." म्हणून मी आज माझ्या छंदाबद्दल बोलणार आहे. मी घरी आगगाड्या खेळतो. वय वर्षं सत्तावन्न. बायको लोकांना सांगते, "ते वरच्या खोलीत स्टेशनात आहेत."

याची सुरुवात याच शाळेत झाली. नववीत भूगोलाच्या सरांनी महाराष्ट्राचा रेल्वेचा नकाशा काढायला दिला होता. आपल्या जिल्ह्यात दाखवण्यासारखं काय होतं? एका कोपऱ्यात परळी वैजनाथ. बाकी सगळी जागा कोरी. मला ती कोरी जागा बघवेना. मी नगरपासून बीडवरून परळीपर्यंत काळ्या पेन्सिलीनं एक रेघ ओढली आणि तिला आडव्या काड्याही दिल्या. सरांनी अर्धा गुण कापला आणि लाल शाईत लिहिलं, "असा मार्ग नाही." सर आज समोर पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांच्याशी माझा हिशेब शेवटी करतो.

पुढे अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात शिकलो आणि १९९९ साली इंग्लंडमध्ये डर्बी या गावी नोकरीला गेलो. डर्बी हे रेल्वेचं गाव. शेजारी एक निवृत्त इंजिन ड्रायव्हर राहायचे. जवळच्या टोटनच्या यार्डातून त्यांनी वर्षानुवर्षं कोळशाच्या गाड्या ओढल्या होत्या. परसातल्या लाकडी खोलीत त्यांनी रेल्वेचं आख्खं जग मांडलं होतं, रूळ, सिग्नल, पूल, मालधक्का, सगळं. त्यांना नातवंडं नव्हती आणि मला तिथं कोणी नव्हतं. रविवारी मी त्या खोलीत जाऊन बसू लागलो.

त्या गाड्या खेळण्यातल्या नव्हेत. त्यांचं माप ठरलेलं असतं. खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे इथं चार मिलिमीटर, म्हणजे साधारण शहात्तर पटीनं लहान. रुळांतून बारा व्होल्टचा वीजप्रवाह जातो, चाकं तो उचलतात आणि आतली मोटर फिरते. हातातल्या डब्याचं बटण फिरवलं की वेग कमी-जास्त होतो आणि प्रवाहाची दिशा उलटली की गाडी मागं येते. पण यात एक गंमत आहे. रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर असतं. चार मिलिमीटरच्या हिशेबानं ते जवळजवळ एकोणीस हवं. जुन्या काळी इंग्रजांच्या लहान इंजिनांत तेव्हाची मोटर बसेना, म्हणून त्यांनी अंग मोठं केलं आणि रूळ तेच ठेवले. ती तडजोड आजही चालू आहे. वळणांचंही तसंच. आपल्या ब्रॉडगेजचं कितीही तीव्र वळण घेतलं तरी या मापात त्याची त्रिज्या दोन मीटरच्या वर जाईल. घरातल्या टेबलावर मात्र ते चव्वेचाळीस सेंटिमीटरमध्ये बसवावं लागतं.

शेजाऱ्यांकडे वाफेचं एकही इंजिन नव्हतं, सगळी डिझेलची. इंग्लंडमध्ये मुख्य मार्गांवरचं वाफेचं युग ऑगस्ट १९६८मध्ये संपलं, आणि त्यांची सगळी उमेद डिझेलवर गेली. इंजिनांची तोंडं पिवळीधमक. मी कारण विचारलं. म्हणाले, वाफेचं इंजिन लांबून ऐकू यायचं, डिझेल त्यामानानं गुपचूप येतं. रुळावर काम करणाऱ्या गँगमनला ते दिसावं म्हणून तोंडाला पिवळा रंग. मी त्यांच्याकडून पहिलं इंजिन घेतलं ते क्लास ३७. खरी इंजिनं १९६० ते १९६५मध्ये ३०९ बांधली गेली, प्रत्येकाला बारा सिलिंडर आणि १७५० हॉर्सपॉवर. त्याच्या आवाजावरून तिथल्या शौकिनांनी त्याला नाव ठेवलंय, ट्रॅक्टर! ते ऐकलं आणि बीडच्या माणसाला आणखी काय पाहिजे?

त्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, नवीन गाडी मळवायची. डब्यातून काढलेलं चकचकीत इंजिन खोटं दिसतं. जिथून धूर निघतो तिथं काजळी, चाकांवर ब्रेकची तपकिरी धूळ, दारापाशी हात लागून गेलेला रंग, हे सगळं बारीक ब्रशनं करायचं. मळ कुठं बसतो हे कळायला ते यंत्र काय काम करतं हे आधी कळावं लागतं. दुसरी, प्रत्येक गाडी कुठून तरी आलेली असली पाहिजे आणि कुठं तरी निघालेली. "तुझं स्टेशन कोणतं?" ते विचारायचे. मला उत्तर सुचत नव्हतं.

२००३मध्ये माझे वडील गेले. मला फोन आला तो रात्रपाळीत. विमानानं मुंबई, तिथून रात्रभर जीप. बीडला पोचलो तेव्हा सगळं उरकून लोक घरी परतले होते. बीडला रेल्वे असती तरी मी वेळेत पोचलो नसतो, हे मला तेव्हाही कळत होतं आणि आजही कळतं. पण त्या जीपमध्ये नगरच्या पुढे अंधारात मला सारखी नववीतली ती पेन्सिलची रेघ दिसत होती.

डर्बीला परत गेल्यावर मी प्लायवूडचा चार फुटांचा एक तुकडा आणला. एक फलाट, दोन रूळ, एक कडुनिंब. पिवळी पाटी केली आणि त्यावर काळ्या रंगात देवनागरीत लिहिलं, "बीड". शेजारी बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, "इथं दिवसाला किती गाड्या येतात?" मी म्हणालो, "एकही नाही. स्टेशनच नाही." त्यांनी खुर्ची ओढली आणि मला सांगितलं की त्यांच्या देशात १९६३च्या बीचिंग अहवालानं २,३६३ स्थानकं बंद करायला सुचवली होती. त्यांतली पुष्कळ बंदही झाली. म्हणून तिथले म्हातारे घराघरांत आपलं बंद पडलेलं स्टेशन बांधत बसतात. ते म्हणाले, "गेलेलं स्टेशन बांधणारे पुष्कळ बघितले. न आलेलं बांधणारा तू पहिला."

२००६ला मी बीडला परत आलो, तेव्हा ते इंजिन, रूळ आणि पाटी हातातल्या बॅगेतून आणली. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १ एप्रिल १९९८ला ते सुरू झालं. ते बघून आलो आणि धीर आला की मराठी माणसानं या वेडाला आधीच घर बांधून ठेवलंय. तेव्हा बीडला लोडशेडिंग जोरात होतं. पण गाडीला लागतात बाराच व्होल्ट. ट्रॅक्टरच्या बॅटरीला मध्ये फ्यूज टाकून कंट्रोलर जोडला. सगळं गाव अंधारात आणि माझ्याकडे ट्रॅक्टरच्या बॅटरीवर 'ट्रॅक्टर' इंजिन धावतंय, अशा कितीतरी रात्री गेल्या.

तोवर खरी रेल्वेही हळूहळू येत होती. नगर-बीड-परळी, २६१ किलोमीटर, मंजुरी १९९५ची. माझ्या मापात तो मार्ग साडेतीन किलोमीटरचासुद्धा भरत नाही. खरा मात्र आधी नारायणडोह, मग २०२२मध्ये आष्टी, असा पाऊल पाऊल आला.

आणि इथं माझ्या बाकावरच्या जोडीदाराबद्दल बोललं पाहिजे. तो मागे बसलाय, नाव घेतलं तर उठून जाईल. त्याचं रान रायमोहाकडे. रुळाची आखणी बरोबर त्यातून गेली. मी त्याला हौसेनं माझं स्टेशन दाखवायला बोलावलं. गाडी फिरवली, दिवे लावले. मला वाटलं, खूश होईल. तो म्हणाला, "समदं झ्याक हाय डॉक्टर. पण माझी हीर कुठंय?"

त्याची विहीर भरावाखाली गेली होती. आजोबांनी खणलेली, बहात्तरच्या दुष्काळातसुद्धा तळाशी घागरभर पाणी असलेली. मोबदला मिळाला, त्यातून बोअर घेतलं, मुलीचं लग्न झालं. तो काही तक्रार करत नव्हता, फक्त विचारत होता. मी तीस वर्षं नकाशावर एक रेघ ओढत बसलो होतो आणि ती रेघ कोणाच्या तरी विहिरीवरून जाणार, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. इंजिनावरचा मळ मला दिसत होता, हे दिसलं नव्हतं.

पुढच्या रविवारी तो पिशवीभर काळी माती घेऊन आला. ती आम्ही वाळवली, कपड्यातून चाळली. तिच्यातून लोहचुंबक फिरवला, तर त्याला काळे कण दाढीसारखे चिकटले. आपली माती काळ्या पाषाणाची, तिच्यात लोहाचा अंश असतो. ते कण तसेच ठेवले तर मोटरच्या चुंबकात जाऊन बसतात आणि गाडी बंद पडते. सगळे कण काढले आणि मग माती डिंकात बसवली. तांब्याच्या तारा पिळून बाभळी केल्या. पाला म्हणून घरचा चहाचा चोथा. आणि रुळाच्या अलीकडे, जागच्या जागी, त्यानं सांगितली तशी विहीर केली. मोट गेली तरी तिचं धाव राहिलं होतं, तेसुद्धा. तो म्हणाला, "खरी बुजली. ही तरी ऱ्हाऊ दे."

१७ सप्टेंबर २०२५, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांनी हिरवा झेंडा दाखवला आणि बीडहून अहिल्यानगरकडे पहिली गाडी सुटली. आम्ही दोघं गर्दीत लांब उभे होतो. गाडी डेमू, म्हणजे डिझेलचीच! माझं इंग्रजी इंजिन अगदीच चुकलं नव्हतं. फलाटावरच्या पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत "बीड" लिहिलेलं वाचलं. डर्बीचे शेजारी आता नाहीत, नाहीतर फोटो पाठवला असता. जोडीदारानं बोट दाखवून विचारलं, "ही माझ्या रानातनंच जाणार ना?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "मग चल, एक डाव तिकीट काढू आन् वरनं बघू." दुसऱ्या आठवड्यात आम्ही गेलो. रान आलं तेव्हा तो खिडकीशी उभा राहिला. दहा सेकंदांत रान मागं पडलं. तो काही बोलला नाही, मीही नाही.

आता सर, आपला हिशेब. आपण कापलेला अर्धा गुण मला परत हवा आहे. पण बीडच्या पुढे परळीपर्यंतचं काम अजून बाकी आहे. म्हणून सध्या मी अर्ध्याचा अर्धा, म्हणजे पाव गुणच मागतो. उरलेला पाव परळीला गाडी पोचेल त्या दिवशी घ्यायला येईन. आपण तोवर तब्येत सांभाळावी, ही डॉक्टर म्हणून सूचना आणि विद्यार्थी म्हणून विनंती.

मुख्याध्यापकांना एक विनंती आहे. माझं स्टेशन मी शाळेला देऊ इच्छितो. जुन्या प्रयोगशाळेतला एक कोपरा आणि एक प्लग पुरे. आठवी-नववीच्या मुलांनी दर शनिवारी यावं, तारा जोडाव्यात, जळवाव्यात, पुन्हा जोडाव्यात. पुढचा रूळ राजुरीचा करायचा की परळीचा, ते त्यांनी ठरवावं. माझी अट एकच. जिथून रूळ न्याल तिथं आधी कोणाचं काय होतं ते विचारून या आणि तेही मांडा.

जेवणाआधी प्रयोगशाळेत या. गाडी तयार उभी आहे. पहिला मान सरांचा, त्यांनी बटण फिरवायचं. दुसरा मान विहिरीच्या मालकाचा.