जानेवारीचा देव
(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषण)

जानेवारी हे नाव जानुस या रोमन देवावरून आले. तो दाराचा देव. त्याला दोन तोंडे, एक मागे पाहणारे, एक पुढे. रोमन लोक प्रार्थनेत आधी त्याचे नाव घेत, जसे आपण गणपतीचे. आपल्याही दाराच्या चौकटीवर गणेशपट्टी असतेच.

कचेरीत मी कन्नडमध्ये 'जनवरी' लिहितो, घरी 'जानेवारी' म्हणतो. देव तोच. पण बेळगाव-निपाणीत १७ जानेवारी म्हटले की १९५६ चे हुतात्मे आठवतात. ते मागचे तोंड मिटायचे नाही. पुढे पाहायचे तर मुलांनी कन्नड उत्तम शिकावे. घरात मात्र त्यांच्या तोंडी 'जानेवारी'च असावा.

गणपती बाप्पा मोरया!