फुटलेल्या काचेचा हिशेब



दिवाळी जवळ आली की नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर या गावांतून घरांची आणि दुकानांची झाडलोट सुरू होते. पूर्वी हे काम केरसुणी आणि चुन्याच्या डबड्यापुरते असे. आता घरांना सरकत्या काचेच्या खिडक्या आल्या, दुकानांचे दर्शनी भाग काचेचे झाले, आणि शिडीवर चढून काचा पुसणारा, जड कपाटे सरकवून कोपरे झाडणारा मजूर लागू लागला. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यातील शंभरांपैकी सुमारे ६९ माणसे अनुसूचित जमातींची आहेत. तेव्हा हा मजूर बहुधा भिल्ल, पावरा, मावची किंवा कोकणा असतो, हे सांगण्यासाठी वेगळ्या पाहणीची गरज नाही. हात ओले असतात, घाई असते, शिडी धरायला दुसरा माणूस नसतो. कधी तावदान तडकते, कधी खिडकीशेजारचा दूरदर्शन संच खाली येतो. मग प्रश्न निघतो, भरून कोण देणार? उत्तर ठरलेले असते: ज्याच्या हातून फुटले त्याने.

हे उत्तर इतके स्वाभाविक वाटते की, कामगार चळवळीत वर्षे घालवलेली माणसेही त्यापाशी थबकत नाहीत. दोन शेजाऱ्यांमध्ये तो न्याय ठीकही आहे. परंतु जेथे एकाचे श्रम विकत घेऊन दुसरा नफा मिळवतो, तेथे हा शेजारधर्माचा न्याय लावणे म्हणजे नफा एकाने घ्यायचा आणि धोका दुसऱ्याच्या पदरात टाकायचा. त्याला न्याय न म्हणता मजुरीतील छुपी कपात म्हणणे अधिक बरोबर होईल.

नंदुरबारच्याच बाजारपेठेचे उदाहरण घ्या. येथील मिरचीचा व्यापार सर्वदूर प्रसिद्ध आहे. गावाबाहेर पथाऱ्यांवर मिरची वाळत घातलेली असते आणि अवकाळी पाऊस आला की तिची नासाडी होते. त्या नुकसानीचा हिशेब व्यापारी धंद्याच्या खाती मांडतो, सरकारकडे मदतीचे निवेदनही देतो. पथारीवर राबणाऱ्या बाईने ती मिरची भरून द्यावी, असे कोणी म्हणत नाही. म्हणजे आभाळाने केलेले नुकसान धंद्याचे, आणि मजुराच्या हातून चुकून झालेले नुकसान तेवढे मजुराचे! वस्तुतः काच पुसण्याच्या धंद्यात वर्षाकाठी काही काचा फुटणारच. हातातून वस्तू निसटणे हा त्या धंद्यातला पाऊसच आहे.

आकडे मांडून पाहू. समजा, एका ठेकेदाराकडे २० मजूर वर्षाचे ३०० दिवस काम करतात. एकूण ६,००० रोज झाले. समजा, वर्षभरात १२ वेळा काही ना काही फुटले आणि दर वेळी सरासरी १,००० रुपयांचे नुकसान झाले. एकंदर १२,००० रुपये. म्हणजे दर रोजामागे २ रुपये. ठेकेदाराने आपल्या दरात हे २ रुपये धरले तर गिऱ्हाइकाला कळणारही नाही. तेच नुकसान एकट्या मजुराच्या माथी मारले, तर ४०० रुपये रोजाच्या माणसाची अडीच दिवसांची कमाई गेली. वस्तू दहा हजारांची असेल तर पंचवीस दिवसांची. रक्कम तीच, परंतु वाटून घेतली तर किरकोळ खर्च आणि एकावर लादली तर कर्ज. इंग्लंडमध्ये खिडक्या पुसणारे लहान व्यावसायिक अशा नुकसानीसाठी दायित्वाचा विमा उतरवतात आणि त्याचा हप्ता आपल्या दरात मिळवतात. यात समाजवाद वगैरे काही नाही, साधा व्यवहार आहे. आपल्याकडे मात्र विम्याच्या जागी मजुराचा खिसा ठेवला जातो.

यावर एक आक्षेप हमखास येतो. कपातीचा धाक नसेल तर मजूर निष्काळजी होईल, असे म्हणतात. पण काळजी घेण्याची साधने कोणाच्या हाती आहेत? शिडी कोणती द्यायची, ती धरायला दुसरा माणूस द्यायचा की नाही, एका दिवसात किती घरे उरकायची, हे सारे ठेकेदार ठरवतो. खिडकीजवळचे नाजूक सामान आधी हलवून ठेवणे घरधन्याच्या हाती असते. भरपाईचा बोजा ठेकेदारावर पडला तर तो उद्या शिडीपाशी दुसरा माणूस उभा करील. मजुरावर पडला तर मजूर फक्त घाबरेल, आणि घाबरलेला हात अधिकच निसटतो.

कायदा काय म्हणतो, तेही कार्यकर्त्यांनी नीट वाचले पाहिजे. शाही श्रम आयोगाच्या शिफारशींनंतर १९३६ साली वेतन प्रदान कायदा झाला. नुकसानीपोटी कपात केव्हा करता येईल, हे त्याने बांधून दिले. वस्तू कामगाराच्या ताब्यात स्पष्टपणे सांभाळण्यासाठी दिलेली असली पाहिजे. नुकसान थेट त्याच्या हयगयीमुळे झालेले असले पाहिजे. कपात प्रत्यक्ष नुकसानीहून जास्त असता कामा नये. आणि कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी दिल्याखेरीज एक पैसाही कापता येणार नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा २०१९ च्या वेतन संहितेने घेतली. नव्या श्रम संहितांविषयी आपले मतभेद तीव्र आहेत आणि ते राहतील. पण या चार अटी संहितेतही कायम आहेत. त्यांतल्या पहिल्या अटीकडे विशेष लक्ष द्यावे. खिडकी पुसायला आलेल्या मजुराच्या ताब्यात खिडकीशेजारचा दूरदर्शन संच सांभाळायला कोणी दिलेला नसतो. तेव्हा ठेकेदाराने त्याची किंमत मजुरीतून कापणे या अटीत बसणे कठीण आहे. बाजू मांडण्याच्या संधीविषयी तर न बोललेलेच बरे. कपात झाल्याचे मजुराला आठवड्याच्या हिशेबाच्या दिवशीच कळते.

याहून जुना आणि मोठा आधार १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने दिला होता. काम करताना कामगार जखमी झाला, तर त्याच्या हातून थोडी हयगय झाली होती एवढ्यावरून मालकाची जबाबदारी टळत नाही, हे तत्त्व त्याने मान्य केले. अपघात हा धंद्याचा खर्च आहे, असाच त्याचा अर्थ. मग पाहा: शिडी सरकली आणि मजुराचा हात मोडला तर तो धंद्याचा खर्च, त्याच शिडीने त्याच क्षणी काच फोडली तर तो मजुराचा गुन्हा. एकाच घसरण्याचे दोन हिशेब कसे होऊ शकतात?

परदेशांतही हा वाद झडलेला आहे. लिस्टर नावाच्या ट्रकचालकाकडून गाडी मागे घेताना त्याच कंपनीत काम करणारा त्याचा बाप जखमी झाला. विमा कंपनीने बापाला भरपाई दिली आणि मग मालकाच्या नावाने मुलावरच दावा लावला. १९५७ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी तो दावा उचलून धरला. निकालावर इतका गहजब झाला की, संगनमत किंवा जाणूनबुजून केलेले गैरवर्तन नसेल तर असा दावा लावणार नाही, असे विमा कंपन्यांना आपसांत ठरवावे लागले. पश्चिम जर्मनीच्या श्रम न्यायालयांनी अधिक सरळ वाट धरली: किरकोळ हयगय असेल तर कामगाराने काहीच द्यायचे नाही, मध्यम असेल तर वाटणी, आणि घोर बेपर्वाई किंवा मुद्दाम केलेले नुकसान असेल तरच सर्वसाधारणपणे पूर्ण भरपाई. आपल्या संघटनांनी ठेकेदारांशी बोलताना हीच तिहेरी मोजपट्टी पुढे ठेवायला हरकत नाही. मुद्दाम तोडफोड करणाऱ्याची वकिली कोणीही करू नये.

पण मोजपट्टी लावणार कोण? या जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. सालदाराच्या हिशेबाची वही मालकाच्या घरी असे. उचल किती, खाडे किती, हे मालकच लिही आणि मालकच वाचून दाखवी. १९७२ साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली, अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखा तरुण भिल्ल समाजातून पुढे आला, तेव्हा लढा जमिनीचा आणि मजुरीचा होताच. पण वहीत काय लिहिले आहे असे विचारण्याची हिंमतही त्या लढ्यातून आली. आजच्या ठेकेदाराची वही त्याच्या मोबाइलमध्ये असते. ती मजुराला दिसत नाही, एवढे मात्र जुनेच आहे.

आता अवघड भागाकडे वळू. ठेकेदार मध्ये नसतो, घरातल्या माणसांनी मजुराला किंवा मोलकरणीला थेट बोलावलेले असते, तेथे काय? घरधनी शिक्षक असेल, कारकून असेल, आपल्या पक्षाचा सभासदही असेल. त्याचेही नुकसान खरे असते; हप्त्याने घेतलेली वस्तू फुटली की त्यालाही लागते. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, परंतु तो नोंदणीचा आणि कल्याणाच्या लाभांचा आहे. फुटलेल्या बशीचा निवाडा त्यात शोधू नये. अशा घरांतून पगारातून कपबशीचे पैसे कापून घेणाऱ्या आणि संध्याकाळी श्रमिकांच्या हक्कांवर परिसंवादाला जाणाऱ्या मंडळींची संख्या आपल्यात अगदीच थोडी आहे, असे समजण्याचे कारण नाही. त्याच घरी मुलाच्या हातून बशी फुटली तर “लागलं तर नाही ना?” असे विचारले जाते.

येथे उपाय एकट्यादुकट्याच्या दिलदारपणावर सोडून चालणार नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने एक घडी घालून दिली आहे: काम देणारा मजुरीबरोबर ठरावीक टक्के लेव्ही मंडळाकडे भरतो आणि त्यातून हमालांची भविष्यनिधी, रजा यांसारखी देणी भागतात. ठिकठिकाणी विखुरलेल्या, आज एकाकडे तर उद्या दुसऱ्याकडे ओझी उचलणाऱ्या माणसांसाठी हे होऊ शकले, तर झाडलोट करणाऱ्यांसाठी का होऊ नये? कायद्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. नंदुरबार किंवा शहाद्यात अशा पन्नास मजुरांची यादी करावी, दर ठरवावा, आणि प्रत्येक कामाच्या बिलावर गिऱ्हाइकाकडून शेकडा एक रुपया ‘फूटतूट निधी’ म्हणून वेगळा घ्यावा. भरपाई त्या निधीतून थेट गिऱ्हाइकाला मिळावी. हयगय किरकोळ की घोर, हे ठरवायला दोन मजूर, एक गिऱ्हाईक आणि गावातला एक काचवाला बसवावा. तावदानाची खरी किंमत काचवाल्याला ठाऊक असते आणि जुन्या काचेला नव्या काचेचा भाव कोणी लावू लागले तर तो ते लगेच ओळखील. कामाला हात घालण्यापूर्वी आधीच तडा गेलेल्या काचा घरधन्याला दाखवून चिठ्ठीवर लिहून घ्याव्यात. निधीची वही मात्र एका मजुराच्याच घरी ठेवावी, आणि दर महिन्याच्या बाजाराच्या दिवशी ती सर्वांसमोर वाचली जावी.