गाऊटचे औषध आणि आरंभीची कळ



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल वर्षी तप, दान आणि सेवा यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. या तिन्हींसाठी देहाची साथ लागते. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी एक व्यावहारिक विषय निवडला आहे. यूरिक ॲसिड कमी करणारी गोळी सुरू करावी आणि पहिल्या काही आठवड्यांतच पायाचा अंगठा लालबुंद होऊन ठणकू लागावा, असा अनुभव अनेक रुग्णांना येतो. "औषध मानवले नाही" असे म्हणून गोळी बंद केली जाते, आणि बरा होऊ शकणारा रोग घरात कायमचा मुक्काम ठोकतो.

ज्याला आयुर्वेदात वातरक्त म्हटले आहे, त्याच्याशी पुष्कळ साम्य असलेला हा विकार. दर १०० मिलिलिटर रक्तात यूरिक ॲसिड सुमारे ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेले, की ते विरघळून राहू शकत नाही. त्याचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक सांध्यांत साचू लागतात. हा केवळ मांसाहार करणाऱ्यांचा रोग, ही समजूत मात्र खरी नाही. यूरिक ॲसिडचा मोठा भाग शरीर स्वतःच तयार करते आणि ते बाहेर टाकण्याचे मुख्य काम मूत्रपिंडांचे असते. आनुवंशिकता, वाढलेले वजन, रक्तदाबावरील काही गोळ्या यांमुळे शुद्ध शाकाहारी माणसालाही गाऊट होतो. त्यासाठी डाळी सोडून देण्याचे सहसा कारण नाही.

दुसरी सावधगिरी निदानाची. आपल्या पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने १९९६ पासून संधिविकारांची घरोघर पाहणी झाली. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी शंभरास सुमारे अठरा जणांना सांधे-स्नायूंचे दुखणे आढळले. गाऊटचे रुग्ण मात्र त्यांत अगदी थोडे होते. प्रत्येक गुडघेदुखी म्हणजे गाऊट नव्हे. केवळ तपासणीतला आकडा वाढला, पण कधी सांधा सुजला नाही, तर बहुधा गोळी लागतच नाही. उलट, ऐन दुखण्यात हाच आकडा कधीकधी सर्वसाधारणही दिसतो. म्हणून निदान डॉक्टरांनीच करावे.

आता मूळ प्रश्न. औषधाने दुखणे वाढते कसे? व्यापारी मंडळींना हे समजण्यास कठीण नाही. नवी उधारी बंद केली म्हणून जुनी बाकी त्याच दिवशी मिटत नाही. वसुली सुरू झाली की काही काळ कटकटी वाढतात. ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट घेतल्यावर रक्तातील यूरिक ॲसिड उतरते आणि सांध्यात वर्षानुवर्षे साचलेले स्फटिक सुटू लागतात. सुटलेल्या स्फटिकांवर शरीराच्या संरक्षक पेशी तुटून पडतात आणि सांधा पेटतो. म्हणजे ही कळ औषध निष्फळ झाल्याची नव्हे, तर ते काम करू लागल्याची खूण असते.

ही कळ बऱ्याच अंशी टाळता येते. पहिला नियम, आरंभ थोड्यापासून. ॲलोप्युरिनॉल दिवसाला १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी, आणि मूत्रपिंड अशक्त असल्यास आणखी कमी. मग काही आठवड्यांच्या अंतराने रक्त तपासत, यूरिक ॲसिड ६ च्या खाली येईपर्यंत मात्रा वाढवत न्यावी. फेबुक्सोस्टॅट सुरू करण्यापूर्वी हृदयविकार असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे.

दुसरा नियम, सोबत संरक्षक औषध. पहिले तीन ते सहा महिने कोल्चिसीनची लहान मात्रा, साधारणपणे ०.५ मिलिग्रॅम दिवसातून एकदा किंवा दोनदा, दिली जाते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका छोट्या अभ्यासात ॲलोप्युरिनॉल सुरू करणारे ४३ रुग्ण होते. कोल्चिसीन घेणाऱ्यांपैकी ३३ टक्क्यांना, तर न घेणाऱ्यांपैकी ७७ टक्क्यांना पुन्हा झटका आला. कोल्चिसीन चालत नसेल तर डॉक्टर दुसरा पर्याय देतात.

हे कोल्चिसीन आपल्या डोंगरातल्या एका ओळखीच्या वनस्पतीत असते. पावसाळ्यात सह्याद्रीत ज्वालेसारखी लाल-पिवळी फुले घेऊन फुलणारी कळलावी, तिच्या कंदात आणि बियांत ते आहे. पण हा कंद जीवघेणा विषारी आहे. कोणाच्या सांगण्यावरून तो उगाळून घेणे म्हणजे मृत्यूस आमंत्रण. कोल्चिसीनची गोळीही स्वतः वाढवू नये. जुलाब किंवा उलट्या सुरू झाल्या तर लगेच डॉक्टरांना कळवावे. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही औषधे तिचा विषारीपणा वाढवतात, म्हणून चालू असलेल्या सर्व गोळ्या डॉक्टरांना दाखवाव्यात.

तिसरा नियम, झटका आला तरी यूरिक ॲसिडची गोळी स्वतःहून थांबवू नये. झटक्याचा उपचार वेगळा, मूळ गोळी वेगळी. अपवाद एकच: ॲलोप्युरिनॉल घेताना अंगावर पुरळ उठले, ताप आला किंवा तोंडात फोड आले, तर गोळी तत्काळ बंद करून रुग्णालय गाठावे.

तपस्व्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी. दीर्घ उपवासात यूरिक ॲसिड बाहेर पडणे मंदावते आणि पाणीही कमी जाते, त्यामुळे झटका येऊ शकतो. अठ्ठाईच्या तोंडावर नवी गोळी सुरू करू नये. तपापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. एरवी दिवसा भरपूर उकाळलेले पाणी प्यावे. ॲलोप्युरिनॉल बहुधा दिवसातून एकदाच असल्याने चौविहार पाळणाऱ्यांनाही सूर्यास्तापूर्वी ते घेता येते.

भोरच्या बाजारपेठेत गोळी संपली तर दुसऱ्या दिवशी मिळेल. वेल्ह्याच्या आडगावी, भर पावसात ते अवघड जाते. महिन्याचा साठा आणि चिठ्ठी घरात ठेवावी. गोळी सुरू करण्याच्या दिवशीच डॉक्टरांना विचारावे: "झटका आला तर काय घ्यायचे?" हे उत्तर घरातल्या सर्वांना ठाऊक असले, की पहिल्या कळेने कोणी घाबरून औषध सोडणार नाही.

जय जिनेंद्र.