पाण्यापाशी कोण आहे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरच्या वक्त्या बोलावण्याची आपली प्रथा. यंदा चिटणीसबाईंनी हे काम घरच्याच बाईवर टाकले. मी काही वक्ती नव्हे. पण एक गोष्ट पुष्कळ वर्षे मनात दडवून ठेवली होती. ती आज सांगून टाकावी, आणि तिच्यातून आपल्या उपयोगाचे काही निघाले तर पाहावे, म्हणून उभी राहिले.

माझ्या नणंदेचे लग्न होते. घर पाहुण्यांनी भरलेले. धाकट्या जावेने आपला दीड वर्षाचा मुलगा ओसरीवर बसवला आणि ती मला म्हणाली, "जाऊबाई, जरा बघा हं याच्याकडे." मी "हो" म्हटले. तेवढ्यात रुखवताचे काही विचारायला कोणी आले आणि मी उठले. ओसरीवर आठ-दहा बायका होत्याच. कोणी ना कोणी बघेल, असे मनात म्हटले. न्हाणीघरात घंगाळ भरून ठेवलेले होते. मूल रांगत-चालत तेथे गेले आणि तोंडघशी आत पडले. ना किंकाळी, ना पाणी उडाल्याचा आवाज. भांडी घासणाऱ्या बाई पाणी घ्यायला गेल्या म्हणून ते दिसले. मग कोणी त्याला पाय धरून उलटे टांगले, कोणी पोट दाबले. दैव बलवत्तर, पोर खोकले आणि रडले. आज तो कर्ता पुरुष आहे. त्याला यातले काही आठवत नाही. मला आठवते. सगळ्यांचे लक्ष आहे असे सगळ्यांना वाटत होते, म्हणूनच कोणाचेही नव्हते.

बुडणारा माणूस हातपाय झाडून "वाचवा" म्हणून ओरडतो, अशी आपली समजूत असते. बहुतेक वेळा तसे होत नाही. तोंड पाण्याखाली-वर होत असता श्वास घेण्याचीच मारामार. ओरडायला दम कोठून येणार? म्हणून कान देऊन भागत नाही, डोळेच ठेवावे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली, आणि त्यांतली जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालची बालके होती. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रसंघाने २५ जुलै हा दिवस बुडण्यापासून बचावाचा दिवस म्हणून ठरवून दिला.

आता वयोमानाप्रमाणे पाहू. रांगत्या आणि नुकत्या चालत्या मुलाचा वैरी नदी नव्हे. बादली, टब, हौद, पाण्याचे पिंप हे त्याचे वैरी. या वयात डोके अंगाच्या मानाने जड असते. वाकले की तोल जातो आणि मान वर काढण्याची ताकद नसते. चार बोटे पाणीही पुरते. तेव्हा काम झाले की बादली रिकामी करून पालथी घालावी, हौदावर जड झाकण असावे, न्हाणीघराची कडी वर लावावी.

शाळेच्या वयाची मुले सुटीत विहीर, खाण, कालवा शोधत जातात. कालव्याची बाजू गुळगुळीत, पाण्याला ओढ. धरायला काही नसते. शेततळ्याचे तसेच. आत प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, त्यावरून पाय घसरला की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येणे कठीण. ज्यांच्या शेतात तळे असेल त्यांनी भोवती कुंपण घालावे आणि काठाला बांधून गाठींचा दोर व हवा भरलेली ट्यूब आत सोडून ठेवावी. खर्च थोडा, पण जीव वाचतो.

तरुणांना घात करते ती ऐट, आणि कधी दारू. पावसाळ्यात पाणी वरून शांत दिसते आणि क्षणात वाढते. २०२४ सालच्या ३० जूनला लोणावळ्यास भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, त्यांत लहान मुले होती. आणि वृद्धांचे म्हणाल, तर घाटाची शेवाळलेली पायरी, चक्कर, फिट येण्याची व्यथा. अशा माणसाला नदीवर किंवा विहिरीवर एकटे पाठवू नये.

आपल्या बायकांचे दुःख निराळेच आहे. धुणे धुताना एकीचा पाय घसरतो, दुसरी तिला धरायला उडी घेते, मग तिसरी. पोहणे एकीलाही येत नसते. माया खरी, पण अशा उडीने एकाची तीन प्रेते होतात. म्हणून उडी घेऊ नका. ओरडून माणसे जमवा. काठावर पालथे पडून काठी पुढे करा, साडीचे टोक फेका, झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा टाका. आणि मुलींना पोहायला शिकवा. पूर्वी मुलांच्या पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत शिकवीत. मुलींना मात्र काठावर बसवीत. ही चूक आपण पुढे चालवू नये.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगू नका, गरगर फिरवू नका, पोट दाबू नका. त्यात मोलाची मिनिटे जातात. उताणे निजवा, हनुवटी उचलून श्वासाची वाट मोकळी करा. श्वास चालत नसेल तर नाक चिमटीत धरून तोंडाने पाच वेळा श्वास द्या. मग छातीच्या मध्यावर जोराने व भरभर तीस दाब आणि दोन श्वास, असे मदत येईपर्यंत चालू ठेवा. दुसऱ्या कोणी तोपर्यंत १०८ ला फोन करावा. माणूस शुद्धीवर आला तरी डॉक्टरकडे न्यावेच. हे नुसते ऐकून जमत नाही. एखाद्या जाणत्या परिचारिकेला बोलावून मंडळात शिकून घेऊ या.

शेवटी एक विनंती. लग्नघर असो, सहल असो, गणपती विसर्जन असो, मूल सोपवायचे तर नाव घेऊन सोपवा आणि समोरचीने "घेतले" असे म्हणावे. उठायचे झाले तर दुसरीचे नाव घेऊन तिच्या हवाली करावे. मी आमच्या घरी कंबरेची किल्ल्यांची जुडी हातात देते. ज्याच्या हाती जुडी, त्याचे डोळे मुलावर. यंदाच्या विसर्जनाला आपल्या मंडळाने अशा चार जणी नेमाव्यात. त्यांत पहिले नाव माझे लिहा.